वडिलोपार्जित प्रतीक्षा

दिवाणी दावा आजोबांनी लावावा आणि त्याचा निकाल नातवाने ऐकावा, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. पण तो दावा निदान जमिनीचा असतो. निकाल बाजूने लागला, तर बांधाएवढे का होईना, रान हाती येते. स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा. तिथल्या लीथ नावाच्या बंदराच्या भागात हजारो कुटुंबांनी असाच एक दावा चार पिढ्या चालवला. आणि तो कशासाठी, तर एका चांदीच्या चषकासाठी! चषक म्हणजे फुटबॉलचा स्कॉटिश कप आणि वादी म्हणजे हायबर्नियन फुटबॉल क्लबचे पाठीराखे. एवढे लांबलचक नाव रोज कोण घेणार? म्हणून सगळे त्याला 'हिब्स' म्हणतात.

हिब्सने हा चषक २६ एप्रिल १९०२ रोजी जिंकला. त्यानंतर जिंकला तो २१ मे २०१६ रोजी. मधली ११४ वर्षे कोरडी.

११४ वर्षे म्हणजे किती, हे नुसत्या आकड्यावरून ध्यानात येत नाही. १९०२ च्या त्या एप्रिलात राइट बंधूंचे विमान अजून उडायचे होते. स्वामी विवेकानंद हयात होते. कोल्हापुरात शाहू महाराजांचा राखीव जागांचा जाहीरनामा निघायला तीन महिने अवकाश होता. त्यानंतर दोन महायुद्धे झाली, साम्राज्ये बुडाली, माणूस चंद्रावर जाऊन आला. पण स्कॉटिश कप काही ईस्टर रोडच्या मैदानावर आला नाही.

बरे, हा संघ कायमचा दुबळा असता तर निदान मनाची तयारी तरी झाली असती. ज्याला काही मिळणारच नाही हे ठाऊक असते, तो सुखाने झोपतो. हिब्सचे दुखणे निराळे. या मधल्या काळात संघ दहा वेळा अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि दहाही वेळा रिकाम्या हाताने परतला. घास तोंडाशी यायचा आणि कुणीतरी हात ओढायचा.

या लोकांच्या अंगी इतका चिवटपणा कुठून आला, ते क्लबची जन्मकथा पाहिल्यावर थोडेसे उमगते. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधून दुष्काळाने आणि दारिद्र्याने हुसकलेली माणसे पोटासाठी एडिनबरात आली आणि काउगेट नावाच्या दाटीवाटीच्या वस्तीत राहू लागली. गरीब, कॅथलिक आणि परकी! १८७५ साली तिथल्या सेंट पॅट्रिक चर्चच्या तरुण मंडळाने कॅनन एडवर्ड हॅनन या धर्मगुरूच्या आधाराने फुटबॉलचा संघ काढला. हायबर्निया हे आयर्लंडचे जुने लॅटिन नाव, म्हणून संघ हायबर्नियन. फुटबॉल संघटनेने सुरुवातीला त्यांना दारातच उभे केले. संघटना स्कॉटिश माणसांसाठी आहे, आयरिशांसाठी नाही, असे उत्तर मिळाले. पोरांनी हट्ट सोडला नाही. बारा वर्षांनी, १८८७ मध्ये, त्याच पोरांच्या संघाने स्कॉटिश कप जिंकून दाखवला. पुढे क्लब बुडाला, पुन्हा उभा राहिला, १८९३ मध्ये ईस्टर रोडवर स्थिरावला आणि हळूहळू आयरिश कमी व लीथचा जास्त होत गेला.

लीथ हे १९२० पर्यंत स्वतंत्र गाव होते. लोकांनी मोठ्या बहुमताने नकार दिला असतानाही ते एडिनबरात विलीन करण्यात आले. गोद्या, जहाजांचे कारखाने, व्हिस्कीची गोदामे, असा सारा हातावर पोट असलेल्या माणसांचा मुलूख. गावाच्या जुन्या मुद्रेवर एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'चिकाटी धरा'. ज्याने कुणी तो शब्द निवडला, त्याला पुढचे सगळे दिसत असावे! शहराच्या पश्चिम अंगाला दुसरा संघ, हार्ट ऑफ मिडलोथियन, म्हणजे हार्ट्स. कोल्हापुरातले पेठापेठांचे आणि तालमीतालमींचे फुटबॉल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दोघांमधल्या वैराची चव वेगळी सांगायला नको.

आता कल्पनेनेच एक पाठीराखा उभा करू. १९३८ साली लीथमध्ये जन्मलेला, बाप गोदीत कामाला. त्याला नाव द्यायचे कारण नाही. ईस्टर रोडच्या पायऱ्यांवर असे शेकड्यांनी मिळतील.

या मुलाचे नशीब पाहिले, तर सुरुवातीला हेवा वाटेल असे होते. त्या काळी स्कॉटलंडमध्ये बाप पोराला बखोटीला धरून फिरत्या फाटकावरून उचलत आणि पलीकडे सोडत. त्याला तिकीट पडत नसे. असा उचलून आत सोडलेला आपला मुलगा जे फुटबॉल पाहत मोठा झाला, तसे त्या क्लबात ना आधी कुणी पाहिले होते, ना नंतर. गॉर्डन स्मिथ, बॉबी जॉनस्टन, लॉरी रेली, एडी टर्नबुल आणि विली ऑर्मंड हे आघाडीचे पाच जण. लोक त्यांना 'फेमस फाइव्ह' म्हणत. पाचांपैकी प्रत्येकाने हिब्ससाठी शंभराहून अधिक गोल केले. १९४८, १९५१ आणि १९५२ अशी तीन साखळी अजिंक्यपदे हिब्सने मिळवली. १९५३ मध्ये रेंजर्सशी गुण बरोबरीत राहिले आणि केवळ गोलांच्या सरासरीवर चौथे निसटले. २ जानेवारी १९५० रोजी हार्ट्सविरुद्धच्या सामन्याला ईस्टर रोडवर ६५,८६० माणसे होती. १९५५ मध्ये युरोपियन कप ही नवी स्पर्धा सुरू झाली. तेव्हा इंग्लंडच्या विजेत्या चेल्सीला तिथल्या लीगने जाऊ दिले नाही. हिब्स मात्र गेले आणि उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. त्या स्पर्धेत खेळलेला ब्रिटनमधला पहिला क्लब तो हाच.

अशा संघाने स्कॉटिश कप जिंकू नये? स्मिथची गोष्ट तर नवलाची आहे. हा देखणा विंगर हिब्स, हार्ट्स आणि डंडी अशा तीन वेगवेगळ्या संघांकडून साखळी जिंकला, तेही ग्लासगोच्या दोन बड्या क्लबांपैकी एकाकडेही न जाता. स्कॉटिश कपचे पदक मात्र त्याला कधीच मिळाले नाही. साखळी म्हणजे वर्षभराची कमाई. कप म्हणजे एकेका दुपारचा जुगार. हिब्सला कमाई जमली, जुगार जमला नाही.

१९४७ मध्ये ॲबर्डीनकडून पराभव झाला, तेव्हा आपला मुलगा आठ-नऊ वर्षांचा होता. १९५८ मध्ये क्लाइड या लहानशा क्लबाने एका गोलाने हरवले, तेव्हा विशीत. १९७२ मध्ये सेल्टिकने सहा गोल मारले आणि एक खाल्ला. तेव्हा तो चौतिशीचा, दोन-तीन पोरांचा बाप असणार. १९७९ मध्ये रेंजर्सशी दोन सामने शून्य-शून्य बरोबरीत सुटले आणि तिसऱ्या सामन्यात जादा वेळात हिब्सच्याच आर्थर डंकनच्या डोक्याला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. तीन-दोन. एक अंतिम सामना हरायला तीन दिवस मैदानात जावे लागणे, हा छळ एखाद्याच्याच वाट्याला येतो.

या सगळ्यात एडी टर्नबुलचे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. १९४७ आणि १९५८ चे दोन्ही अंतिम सामने तो खेळाडू म्हणून हरला. पुढे प्रशिक्षक झाला आणि १९७० मध्ये त्याने स्कॉटिश कप जिंकलाही, पण ॲबर्डीनसाठी! मग १९७१ मध्ये तो आपल्या घरी, हिब्सकडे आला. त्याने बांधलेला संघ अप्रतिम होता. १९७२ च्या डिसेंबरात त्या संघाने सेल्टिकला हरवून लीग कप हा दुसऱ्या दर्जाचा करंडक जिंकला आणि १ जानेवारी १९७३ रोजी हार्ट्सला त्यांच्याच मैदानावर सात-शून्य असे झोडपले. हे सात-शून्य हिब्सच्या घरांत अजून पाढ्यासारखे म्हटले जाते. पण स्कॉटिश कप? १९७२ आणि १९७९ चे अंतिम सामने टर्नबुल प्रशिक्षक म्हणून हरला. चार वेळा दारात गेला आणि चार वेळा परत आला.

१९७९ च्या हिवाळ्यात तर जॉर्ज बेस्टसारखा जगप्रसिद्ध खेळाडू ईस्टर रोडवर आणला गेला. गर्दी वाढली, वर्तमानपत्रे रंगली आणि १९८० मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला. असो.

स्कॉटलंडच्या फुटबॉलचे गणितच असे आहे की, ग्लासगोचे सेल्टिक आणि रेंजर्स सोडून इतर सर्वांनी उरलेल्या जेवणावर समाधान मानावे. १९८५ मध्ये ॲबर्डीनने साखळी जिंकली. त्यानंतर १९८६ ते २०२५ अशी चाळीस वर्षे अजिंक्यपद या दोघांच्या बाहेर गेले नाही. सेल्टिकच्या मैदानात साठ हजार माणसे मावतात, ईस्टर रोडवर वीस हजार. तिकिटाचा गल्ला तिप्पट असला, की खेळाडूही त्याच वाटेने जातात. २००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत हिब्सने घरच्या पोरांचा फार सुरेख संघ घडवला होता. त्यातला डेरेक रिओर्डन सेल्टिकला गेला, केव्हिन थॉमसन आणि स्टीव्हन व्हिटेकर रेंजर्सला, तर स्कॉट ब्राऊन २००७ मध्ये ४४ लाख पौंडांना सेल्टिकला. ब्राऊन तिथे कर्णधार झाला आणि दहा साखळ्या जिंकला. त्याच २००७ मध्ये हिब्सने लीग कप जिंकला आणि सरावासाठी नवे केंद्रही उभे राहिले. पाठीराख्याने मात्र विचारावे, केंद्र कोणासाठी? रोपे आपण लावायची, पाणी आपण घालायचे आणि आंबे ग्लासगोने खायचे!

पण हरणे किंवा खेळाडू विकले जाणे हे सोसता येते. १९९० च्या उन्हाळ्यात प्रश्न क्लबच राहतो की नाही, असा झाला. हिब्सची मालकी एका कंपनीकडे होती. तिने हॉटेले आणि बार विकत घेण्याच्या उद्योगात हात पोळून घेतले आणि कर्ज वाढले. त्या जूनमध्ये हार्ट्सचे अध्यक्ष वॉलेस मर्सर यांनी हिब्स विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. शहरात दोन मध्यम क्लब असण्यापेक्षा एकच मोठा असावा, म्हणजे ग्लासगोला टक्कर देता येईल, असे त्यांचे म्हणणे. कागदावर हा हिशेब चुकीचा नव्हता. पण दोन सख्ख्या वैऱ्यांची घरे एक करून एकच चूल मांडा, असे सांगण्यासारखे ते होते. लीथमध्ये वणवा पेटला. 'हिब्सला हात लावू नका' या घोषणेखाली सभा झाल्या, मोर्चे निघाले, माणसांनी सह्या आणि पैसे गोळा केले. 'द प्रोक्लेमर्स' या नावाने गाणारे जुळे भाऊ क्रेग आणि चार्ली रीड हे जन्माचे हिब्सवाले. तेही पुढे होते. विशेष म्हणजे हार्ट्सचा गोलवीर जॉन रॉबर्टसनही या विलीनीकरणाविरुद्ध उघडपणे उभा राहिला. वैरी गेला तर आपण कोणाशी खेळायचे, हे खेळाडूला कळले. पुरेसे भाग हाती न आल्यामुळे मर्सर यांना माघार घ्यावी लागली. १९९१ मध्ये लीथचाच उद्योजक टॉम फार्मर याने क्लब वाचवला. मोटारींच्या टायर-दुरुस्तीच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या या माणसाला फुटबॉलचा फारसा नाद नव्हता. गावाची वस्तू गावात राहावी, एवढ्यासाठी त्याने पैसे घातले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हिब्सने लीग कप जिंकला. आदल्या वर्षी ज्याचे तेरावे घालायला लोक निघाले होते, तो उठून जेवायला बसला!

आपला पाठीराखा तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. लीथची शेवटची जहाजगोदी १९८४ मध्येच बंद पडली होती. बापाची नोकरी जिथे होती तिथे आता काही उरले नव्हते. शनिवारी ज्या पायऱ्यांवर बाप उभा राहायचा, ती जागा तेवढी उरली होती. बाहेरच्या माणसाला वाटते, एवढे हरणाऱ्या संघाला ही माणसे सोडून का देत नाहीत? सोडून कशाला देतील? बापाच्या घड्याळासारखी ती वस्तू आहे. घड्याळ मागे पडते म्हणून कुणी फेकून देत नाही.

पुढे २००१ मध्ये पुन्हा अंतिम सामना आला आणि सेल्टिककडून तीन-शून्य गेला. २०१२ मध्ये जे झाले, ते मात्र आधीच्या सगळ्यांवर कडी करणारे होते. अंतिम सामना हिब्स आणि हार्ट्स यांच्यातच. एडिनबराचे दोन्ही संघ अंतिम सामन्यात समोरासमोर येण्याची १८९६ नंतरची ही पहिलीच वेळ. ११० वर्षांची वाट संपावी, तर ती याच दिवशी, असे प्रत्येक घरात म्हटले गेले असेल. हार्ट्सने पाच गोल मारले, हिब्सने एक. आपले आजोबा चौऱ्याहत्तरीचे. त्यांनी सोमवारी पेपर आणायला बाहेर कसे पडायचे? त्यानंतरच्या वर्षी, २०१३ मध्ये, सेल्टिककडून पुन्हा तीन-शून्य. हातातली गोष्ट घालवणे याला स्कॉटलंडमध्ये हिब्सच्या नावावरून एक क्रियापदच पडले होते. स्वतःच्या क्लबचे नाव शब्दकोशात जावे, पण असे?

त्याच २०१३ च्या जुलैत लॉरी रेली वारला. वय ८४. 'फेमस फाइव्ह'मधला तो शेवटचा. देशासाठी ३८ सामन्यांत २२ गोल करणारा हा माणूस लहानपणापासून हिब्सचा वेडा होता आणि खेळणे थांबल्यावरही पाठीराखाच राहिला. ऑर्मंड, जॉनस्टन, स्मिथ आणि टर्नबुल आधीच गेले होते. त्या पाचांपैकी एकानेही हिब्सला स्कॉटिश कप जिंकताना पाहिले नाही. दाव्याचे मूळ वादी निकालाआधीच गेले.

२०१४ मध्ये संघ पुन्हा घसरला. हॅमिल्टनविरुद्ध दोन सामन्यांची लढत होती. पहिला सामना परगावी जाऊन दोन-शून्य जिंकला. घरी फक्त सांभाळायचे होते. तेवढेच जमले नाही. दोन-शून्य उलटले आणि पेनल्टीवर हिब्स खालच्या श्रेणीत गेले.

२०१५-१६ चा हंगामही त्याच वळणावर चालला होता. मार्चमध्ये लीग कपचा अंतिम सामना रॉस काउंटीने अगदी शेवटच्या मिनिटाला हिसकावला. मेमध्ये वरच्या श्रेणीत परतण्याची संधी फॉल्कर्कने तशीच अखेरच्या क्षणी घालवली. उरला होता स्कॉटिश कप. त्यातही फेब्रुवारीत हार्ट्सच्या मैदानावर संघ दोन गोलांनी मागे होता. पॉल हॅनलनने जखमी वेळेत बरोबरी साधली आणि फेरसामना एका गोलाने जिंकला. उपांत्य सामन्यात बरेच महिने मैदानाबाहेर असलेला काँरॅड लोगन हा आडव्या अंगाचा गोलरक्षक अचानक देवासारखा धावला आणि पेनल्टीवर डंडी युनायटेडला हरवले.

२१ मे २०१६. ग्लासगोचे हॅम्पडेन पार्क, समोर रेंजर्स. अँथनी स्टोक्सने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला. मग रेंजर्सचे दोन. ऐंशी मिनिटे होत आली आणि हिब्स एक-दोनने मागे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला पुढचे सगळे पाठ असणार: कोट घ्यायचा, टोपी घालायची, गर्दी फुटण्याआधी बस गाठायची. ऐंशीव्या मिनिटाला लियाम हेंडरसनच्या कॉर्नरवर स्टोक्सने डोक्याने बरोबरी केली. घड्याळ नव्वदीच्या पुढे गेले. पुन्हा हेंडरसनचा कॉर्नर, आणि कर्णधार डेव्हिड ग्रेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. तीन-दोन. गंमत पाहा, हा हेंडरसन आणि हा स्टोक्स, दोघेही त्या हंगामात सेल्टिककडून उसने आणलेले! इतकी वर्षे आंबे नेले, त्यातले दोन परत आले म्हणायचे.

शिट्टी वाजली आणि हजारो माणसे मैदानात घुसली. त्यात चांगले-वाईट दोन्ही झाले. रेंजर्सच्या लोकांशी मारामाऱ्या झाल्या, पोलिसांना घोडे आणावे लागले, पुढे चौकशीही बसली. ते समर्थन करण्याजोगे नव्हते. पण मैदान मोकळे झाल्यावर जे झाले, ते ज्यांनी पाहिले ते विसरलेले नाहीत. प्रोक्लेमर्स बंधूंचे लीथवरचे १९८८ मधले एक संथ गाणे आहे. फुटबॉलच्या मैदानात शोभावे असे त्यात काहीच नाही. ना आरोळी, ना आव्हान. ते गाणे हिब्सची सारी बाजू हातांत हिरव्या पट्ट्या धरून एका आवाजात गायली. कॅमेरे फिरत होते आणि एकामागून एक म्हातारे पुरुष उघडपणे रडत होते. तो आनंद होता, हे खरे. पण प्रत्येकाच्या शेजारी एक जागा रिकामी होती, हेही तितकेच खरे. कुणाचा बाप, कुणाचा थोरला भाऊ, कुणाची आई. फाटकावरून उचलून आत सोडणारे हात त्या दिवशी तिथे नव्हते.

दुसऱ्या दिवशी उघड्या बसमधून चषक लीथला आला. रस्त्यांवर एक लाखाहून अधिक माणसे होती. दुसऱ्या श्रेणीत असताना स्कॉटिश कप जिंकणारा १९३८ च्या ईस्ट फाइफनंतरचा हा पहिलाच संघ.

मग सगळे गोड झाले काय? छे! २०१७ मध्ये संघ वरच्या श्रेणीत परतला. २०२१ च्या मेमध्ये पुन्हा कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि सेंट जॉनस्टनकडून एका गोलाने हरला. त्याच डिसेंबरात लीग कपच्या अंतिम सामन्याच्या तोंडावर प्रशिक्षकाला काढले; सामन्यात पहिला गोल हिब्सचा आणि करंडक सेल्टिकचा. पुढच्या अडीच वर्षांत आणखी तीन प्रशिक्षक आले आणि गेले. मधल्या प्रत्येक पोकळीत तात्पुरता कारभार कोणाकडे, तर २०१६ च्या त्या गोलवाल्या डेव्हिड ग्रेकडे. चार वेळा त्याने घर सांभाळले. अखेर २०२४ मध्ये त्याच्याच हाती किल्ल्या दिल्या. त्याच्या पहिल्याच हंगामात नोव्हेंबर आला तेव्हा संघ तक्त्यात तळाशी. लोक म्हणू लागले, पुतळा व्हावा अशा माणसाला उगाच या खुर्चीत बसवले. क्लबने या खेपेला घाई केली नाही. मग संघ असा काही सावरला, की साखळीत सलग सतरा सामने हरला नाही आणि २०२५ च्या मेमध्ये तिसरा आला. इतक्या वर्षांत प्रशिक्षक बदलून जे मिळाले नव्हते, ते न बदलून मिळाले.

आपले आजोबा तेव्हा सत्त्याऐंशीचे. त्यांना तिसरा क्रमांक म्हणजे दिवाळी. पण घरात २०१६ नंतर जन्मलेला एखादा पणतू असला, तर त्याला हे काही पटत नाही. त्याने कप जिंकल्याचीच गोष्ट ऐकली आहे, हरल्याची नाही. साखळी कधी जिंकलो, असे तो विचारतो. १९५२, असे उत्तर मिळते. तो बोटांवर मोजायला जातो, बोटे पुरत नाहीत. मग दोघे मिळून ईस्टर रोडवर जाऊन बसतात, आणि अर्ध्या तासात पणतूची तक्रार सुरू होते, की आपल्यात कॉर्नर कुणाला नीट मारता येत नाही.